मुष्टियोद्ध्याचा घसारा कोणाच्या खाती?

(सोलापूर येथील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग व टॉवेल कारखान्यांतील कामगारांच्या सभेत अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)

सभेला आरंभ होण्यापूर्वी तुमच्यातल्या काही तरुणांनी माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. पाळी संपल्यावर ही मुले मुष्टियुद्धाचा सराव करतात, असे मला कळले. चिठ्ठीत एकच प्रश्न होता : ‘कोणत्या बॉक्सरच्या आयुष्यावर सिनेमा निघाला पाहिजे?’ मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. हातात मोजे चढवून कोणाला ठोसा मारण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. त्यामुळे या प्रश्नाला मी चित्रपटाच्या जाणकाराचे किंवा क्रीडासमीक्षकाचे उत्तर देऊ शकणार नाही. परंतु प्रश्न वाटतो तितका करमणुकीचा नाही. कोणाचे आयुष्य लाखो लोकांनी पाहावे आणि कोणाचे अंधारात राहावे, याचा निर्णय समाजात कोणीतरी घेत असतो. तो कोण घेतो आणि कोणत्या हिशेबाने घेतो, हे विचारणे अर्थशास्त्राच्या मास्तराचे कामच आहे. म्हणून ठरवलेला विषय थोडा बाजूला ठेवून आज याच चिठ्ठीवर बोलतो.

मुष्टियुद्धाचा आणि तुमच्या या वसाहतीचा एक संबंध आधी सांगतो. रिंगणाच्या कोपऱ्यात मुष्टियोद्ध्याचा मदतनीस उभा असतो. आपला माणूस आता मार सोसण्याच्या स्थितीत राहिला नाही असे त्याला दिसले, की तो हातातला टॉवेल रिंगणात टाकतो आणि लढत थांबते. खेळात ती शरणागतीची खूण मानली जाते. मला ती माणुसकीची खूण वाटते. ज्याला स्वतःला थांबता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणतो. तो टॉवेल तुम्ही विणता. सोलापूरचे टॉवेल देशोदेशी जातात. पण तुमच्या वतीने टॉवेल टाकणारा कोणी आहे काय, हा प्रश्न मनात ठेवून पुढचे बोलणे ऐकावे.

आयुष्यावर चित्रपट निघणे ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. या गावात १९१० साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला आणि स्वतः त्यात डॉक्टरांची भूमिका केली. कोटणीसांनी कोणते पदक जिंकले होते? कोणतेच नाही. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून ते गेले, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. परत न आलेल्या माणसाची ती कथा होती. तरीही ती पडद्यावर आणावी असे त्या काळच्या एका मोठ्या दिग्दर्शकाला वाटले, आणि लोकांनाही ती पाहावीशी वाटली. चित्रपटाला विजय लागतोच, हे मत पुढे रूढ झाले.

आजचे खेळाडूंवरचे चित्रपट आठवून पाहा. गरीब घर, रागावलेला मुलगा, कडक गुरू, एक पराभव, मग पहाटेची धावपळ, शेवटी परदेशातला सामना, तिरंगा आणि राष्ट्रगीत. पडदा पडतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर येतो आणि मनाशी म्हणतो, ‘जिद्द असली की माणूस वर येतोच.’ हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि हिशेबाला खोटे आहे. एक वर आला तेव्हा त्याच्यासारखेच जिद्दीचे किती खाली राहिले, हे त्यात येत नाही. शिवाय वर आलेल्याचे पुढे काय झाले, तेही येत नाही. वहीच्या जमेच्या बाजूचे एकच पान फाडून दाखवावे आणि खर्चाची सगळी पाने झाकून ठेवावीत, तसा हा प्रकार आहे.

खर्चाची बाजू म्हणजे काय, हे तुम्हांला समजावण्याची फारशी गरज नाही. कारखानदार यंत्रमाग विकत घेतो तेव्हा तो माग दरवर्षी किती झिजणार याचा अंदाज करून हिशेबात तेवढी रक्कम घसारा म्हणून धरतो. प्राप्तिकराचा कायदाही हा घसारा मान्य करतो, कारण यंत्र झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच मागावर उभे राहून वीस वर्षे खटखटाट ऐकणाऱ्या विणकराचे कानही झिजतात. त्याची फुप्फुसे तंतूंच्या धुळीने झिजतात, गुडघे उभे राहून झिजतात. हा घसारा कोणाच्याच वहीत लिहिलेला नसतो. तो विणकराच्या शरीरात जमा होतो आणि म्हातारपणी त्याच्या बायकापोरांकडून वसूल केला जातो.

मुष्टियोद्ध्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीरच. ते भांडवल तो प्रत्येक लढतीत थोडे थोडे खर्चून टाकतो. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांचे चालणे, बोलणे आणि स्मृती कशी बिघडते, याचे वैद्यकीय वर्णन अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा दर लिहिलेला होता : अंगठा किंवा बोट गेले तर कमाईची शक्ती किती टक्के गेली असे धरावे, ते त्यात ठरलेले होते. माणसाच्या बोटांना टक्के लावणारा तो तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. तथापि कामगार चळवळीच्या दृष्टीने ती एक पायरी होती, कारण शरीर झिजले वा तुटले तर त्याचे देणे मालकाच्या खाती पडते हे तत्त्व तिथे मान्य झाले. मुष्टियोद्ध्याच्या डोक्यासाठी असा तक्ता कोणी केला नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातून वहीच्या दोन्ही बाजू दिसतात, ठोसा कोणी खाल्ला, पैसा कोणी मिळवला आणि घसारा कोणाच्या खाती पडला हे कळते, त्याचे आयुष्य चित्रपटाच्या योग्यतेचे आहे. मग त्याने पदक जिंकलेले असो वा नसो.

या कसोटीवर पहिले नाव आपल्याच मुलखातले येते. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. जन्म १९४४ चा. लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलात, म्हणजे ईएमईत, ते कारागीर जवान म्हणून गेले आणि सिकंदराबादला असताना मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्याजवळ कायमची राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांवर मुष्टियोद्धा उभा राहतो ते पायच गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहू लागले. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकला ते टेबल टेनिस खेळायला गेले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. अभिनव बिंद्रा यांनी ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिले ते २००८ साली. त्याच्या छत्तीस वर्षे आधी इस्लामपूरकडचा हा माणूस पॅरालिंपिकचे सुवर्ण घेऊन आला होता आणि देशाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ साली केलेला त्यांचा अर्ज नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. १४ जून २०२४ रोजी त्यांच्या जीवनावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या यादीत जीवनगौरव म्हणून त्यांचे नाव आले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. चित्रपटाच्या कर्त्यांनी एक गोष्ट चांगली केली. कथेची सुरुवात पदकापासून न करता, पुरस्कार न दिल्याबद्दल फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात गेलेल्या म्हाताऱ्यापासून केली. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता ओशाळतो. तरीही मला एक उणीव जाणवते. सुवर्णपदकानंतर चाकाच्या खुर्चीतून कारखान्यात जाण्याची जी दीर्घ वर्षे होती, त्यांना पडद्यावर थोडीच जागा मिळाली आहे. मला ती वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. हायडेलबर्गची शर्यत ३७ सेकंदांची होती, ही दुसरी शर्यत कित्येक वर्षांची. टाळ्या न वाजणाऱ्या या शर्यतीचे चित्रण करायला फार मोठा दिग्दर्शक लागतो, आणि ते चित्रण पाहण्याचा पहिला हक्क तुमच्यासारख्या कामगारांचा आहे.

दुसरी दोन नावे महाराष्ट्राबाहेरची आहेत, पण त्यांची कहाणी तुम्हांला परकी वाटणार नाही. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातले कौर सिंग हेही लष्करातले जवान. दिल्लीत १९८२ च्या आशियाई स्पर्धांत त्यांनी वजनदार गटाचे सुवर्णपदक मिळवले. त्याआधी, १९८० च्या जानेवारीत, मुहम्मद अली दिल्लीला आला असता ते त्याच्याशी प्रदर्शनीय लढतीत उतरले होते. उतारवयात हृदयविकाराच्या उपचारासाठी या माणसाला खासगी सावकाराकडून कर्ज काढावे लागले. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा मदत धावून आली. त्यांच्यावर २०२२ साली पंजाबीत चित्रपट निघाला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ते वारले. मणिपूरचे डिंको सिंग अनाथालयात वाढले. बँकॉकच्या १९९८ च्या आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्ण जिंकले आणि ईशान्येतल्या कितीतरी मुलामुलींनी त्यांच्याकडे पाहून मोजे हाती चढवले. यकृताच्या कर्करोगाशी झगडताना त्यांना घर विकण्याची पाळी आली. २०२१ साली ते वारले तेव्हा वय अवघे बेचाळीस होते. सुवर्णपदक विजेत्यांची ही अवस्था असेल, तर उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांची काय असेल? महाराष्ट्राचे मनोज पिंगळे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये लढले. या सभेत त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा, असे मी म्हणत नाही; तुम्हांला ठाऊक नसेल तर दोष तुमचा नाही.

बायकांविषयी वेगळे बोलले पाहिजे. मेरी कोम यांच्यावरचा चित्रपट २०१४ साली निघाला. झूम शेतीत राबणाऱ्या बापाची मुलगी सहा वेळा जगज्जेती होते, ही कथा थोर आहेच. परंतु तिच्या भूमिकेसाठी मणिपुरी चेहरा घ्यावा असे निर्मात्यांना वाटले नाही. कारण बाजाराला ओळखीचा चेहरा हवा होता. आणि तिकडे मणिपुरात २००० सालापासून बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली होती. त्यामुळे ज्या भूमीतली ती कथा, तिथल्या चित्रपटगृहांत ती लागलीच नाही. ज्यांचे जीवन त्यांनाच ते दिसू नये, आणि इतरांना ते दुसऱ्याच्या चेहऱ्याने दिसावे, यातली विसंगती तुम्ही ओळखाल. तुम्ही विणलेला टॉवेल परदेशातल्या दुकानात दुसऱ्याच नावाने विकला जातो, तेव्हा काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे.

माझ्या यादीत मेरी कोमनंतर लैश्राम सरिता देवी यांचे नाव आहे. इंचॉनच्या २०१४ च्या आशियाई स्पर्धांत उपांत्य फेरीत पंचांनी त्यांना पराभूत ठरवले. तो निर्णय त्यांना उघड अन्याय वाटला. पदकदानाच्या वेळी त्यांनी रडत रडत आपले कांस्यपदक प्रतिस्पर्धी कोरियन खेळाडूच्या गळ्यात घातले. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. पदक मिळवण्याचे चित्रपट पुष्कळ झाले. हाती आलेले पदक नाकारणाऱ्या बाईचा चित्रपट अजून व्हायचा आहे. सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या देशाला तो आधीच सुचायला हवा होता. आणि आसामच्या लवलिना बोरगोहाईं? २०२१ साली टोकियोत त्यांचे पदक निश्चित झाले तेव्हा त्यांच्या गावच्या चिखलाच्या रस्त्याचे काम घाईघाईने सुरू झाले. एका मुलीने जगात तिसरे यावे तेव्हा गावाला रस्ता मिळावा, हे एवढे एक दृश्य आपल्या नियोजनावरच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा बोलके आहे.

कल्पित कथाही कधी खऱ्या आयुष्यापेक्षा अधिक खरा हिशेब मांडते. पा. रंजित यांचा २०२१ चा ‘सारपट्टा परंबरै’ हा तमिळ चित्रपट उत्तर मद्रासच्या कष्टकरी वस्तीतल्या मुष्टियुद्धाच्या घराण्यांवर आहे. त्यात आणीबाणीचा काळ आहे, जात आहे, दारू आहे, आणि हमाली करणारा नायक आहे. कोणाला रिंगणात उतरू द्यायचे आणि कोणाला नाही, हे तिथे ठोशाआधी जात ठरवते. अनुराग कश्यप यांच्या ‘मुक्काबाज’मध्ये, २०१८ साली, उत्तर प्रदेशातल्या क्रीडासंघटनांतली हीच जातीची मिजास आली होती. हे चित्रपट जमले, कारण त्यांनी मुष्टियोद्ध्याला त्याच्या वस्तीपासून तोडले नाही.

आता थोडे जगाकडे पाहू. मुहम्मद अलीने १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला, विजेतेपद आणि उमेदीची साडेतीन वर्षे गमावली, आणि १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याच्यावर चित्रपट झाले. एकात, १९७७ साली, तो स्वतःच नायक होता. ते योग्यच झाले. परंतु त्याच्या आधीच्या जो लुईचा हिशेब मला अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर मांडावासा वाटे. १९३८ साली त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत हरवले आणि नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या वल्गनेला ठोसा बसला म्हणून अख्खी अमेरिका नाचली. १९४२ साली त्याने दोन लढतींची आपली मिळकत नौदलाच्या आणि लष्कराच्या साहाय्यनिधीला दिली. पुढे त्याच सरकारच्या करखात्याने थकबाकीचा असा काही तगादा लावला, की तो कर्जातून वर आलाच नाही. उतारवयात लास व्हेगासच्या एका जुगारघरात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्याने केली. १९८१ साली तो वारला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत तोच जर्मन प्रतिस्पर्धी श्मेलिंग होता. जो लुईवर १९५३ साली चित्रपट निघाला. पण वहीची खरी पाने त्यानंतर लिहिली गेली.

त्याच जर्मनीतला योहान ट्रोलमन हा सिंती जमातीचा, म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवत त्यांच्यातला. जून १९३३ मध्ये बर्लिनला तो राष्ट्रीय विजेता झाला आणि काही दिवसांतच नाझींनी ते पद काढून घेतले. पुढच्या लढतीत त्याने जर्मन पद्धतीने, एका जागी उभे राहून लढावे, असे त्याला बजावण्यात आले. जुलैमध्ये तो केस सोनेरी रंगवून आणि अंगाला पीठ फासून रिंगणात आला. वंशवाद्यांना हवा असलेला गोरा जर्मन मी असा दिसेन, हे त्याने एक शब्दही न बोलता सांगितले आणि मार खाऊन हरला. १९४४ साली छळछावणीत त्याला ठार मारण्यात आले. जर्मनीत त्याच्यावर २०१२ साली माहितीपटासारखा एक चित्रपट झाला, पण जगाला तो अजून ठाऊक नाही. हरण्यातही विजय असतो असे आपण सुभाषितासारखे म्हणतो. ट्रोलमनने ते करून दाखवले.

आपण समाजवादी म्हणवतो, म्हणून क्यूबाच्या तेओफिलो स्तेवेन्सनचे नावही घेतले पाहिजे. १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने वजनदार गटात जिंकली. धंदेवाईक लढतींसाठी अमेरिकेतून आलेले लक्षावधी डॉलर त्याने नाकारले. क्यूबाने १९६२ सालीच धंदेवाईक खेळावर बंदी घातली होती. हे आयुष्य पडद्यावर यावे, पण जयजयकार म्हणून येऊ नये. त्याच देशातून पुढे गिलेर्मो रिगोंदोसारखे ऑलिंपिकविजेते पळून गेले, तेही त्यात यावे. ज्याने नाकारले त्याचा त्याग खरा, आणि ज्याला नाकारायचे स्वातंत्र्यच नव्हते त्याची घुसमटही खरी. लोकशाही समाजवादाला या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिता आल्या पाहिजेत.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलांनी मघाशी मला एक आक्षेप तोंडी सांगितला. हरलेल्या माणसाचा सिनेमा कोण बघणार, सर? मी त्यांना दक्षिण कोरियाकडे पाहायला सांगतो. किम दुक-कू हा गरीब घरातला मुष्टियोद्धा १९८२ च्या नोव्हेंबरात लास व्हेगासला लढला, चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी मरण पावला. त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला नाही. त्याच्या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढतीच्या फेऱ्या पंधरावरून बारावर आणल्या. वीस वर्षांनी, २००२ साली, कोरियात त्याच्यावर चित्रपट निघाला. आणि कोरियाला कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१६ साली ‘सैराट’ काढला. त्याचा शेवट तुम्हांला ठाऊक आहे. त्या शेवटात कोणताही विजय नव्हता. तरी तोवर कोणत्याही मराठी चित्रपटाला मिळाले नव्हते इतके उत्पन्न त्याला मिळाले. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये त्यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी मुले पडद्यावर आणली. लोकांना खरे बघायचे नसते, हे भांडवल गुंतवणाऱ्यांनी ठरवलेले मत आहे. लोकांना कोणी विचारलेले नाही.

परंतु मित्रहो, चित्रपट निघाला म्हणजे न्याय झाला, असे समजू नका. अमेरिकेत चक वेपनर नावाचा एक मुष्टियोद्धा होता. १९७५ साली तो अलीपुढे शेवटच्या फेरीपर्यंत टिकला. ती लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना ‘रॉकी’ची कथा सुचली. चित्रपटाने आणि त्याच्या पुढच्या भागांनी अपार पैसा मिळवला. वेपनरला अखेर २००३ साली न्यायालयात जावे लागले आणि तो वाद तडजोडीने मिटला. कच्चा माल कोणाचा आणि नफा कोणाचा, हा आपला जुनाच प्रश्न येथेही आहे. कापूस पिकवणारा, सूत कातणारा, कापड विणणारा आणि ते विकणारा यांच्यात किमतीची वाटणी कशी होते, हे मी तीस वर्षे शिकवले. जगलेले आयुष्य हाही कच्चा मालच असतो. ज्याचे आयुष्य, त्याला त्याच्या चित्रपटाच्या उत्पन्नात ठरलेला, लेखी वाटा मिळाला पाहिजे. कृपा म्हणून दिलेली शाल आणि श्रीफळ हा वाटा नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेटकर यांना अर्जुन पुरस्कार चित्रपटानंतर मिळाला. कौर सिंग यांना मदत बातमीनंतर मिळाली. म्हणजे शासनाची स्मरणशक्ती आता करमणुकीच्या धंद्याकडे गहाण पडली आहे काय? ज्याच्यावर चित्रपट निघणार नाही, ज्याची बातमी येणार नाही, त्याने कोणाकडे पाहायचे? पदकविजेत्यांसाठी केंद्राची निवृत्तिवेतनाची योजना आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते चांगलेच आहे. पण घसारा पदकविजेत्याच्याच शरीराचा होतो असे नाही. हरणाऱ्याच्या डोक्यावर तर ठोसे अधिक पडतात. राज्याच्या वा देशाच्या वतीने रिंगणात उतरलेल्या प्रत्येक मुष्टियोद्ध्याच्या उपचाराची आणि वार्धक्याची जबाबदारी कायद्याने शासनाच्या व क्रीडासंघटनांच्या खाती पडली पाहिजे. ही मागणी दयेची नाही. १९२३ साली मालकाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, तेच खेळाच्या बाबतीत मान्य करा, एवढेच म्हणणे आहे.

हे बोलताना मला या वसाहतीतला १८ मे २०२५ चा दिवस विसरता येत नाही. एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्यांत मालकाच्या घरची माणसे होती आणि कामगारही होते. धुराने मालक आणि कामगार असा भेद केला नाही. त्या आठ जणांवर चित्रपट निघणार नाही. निघावा असेही मी म्हणत नाही. आग लागली तर बाहेर पडायला वाट असावी, पाणी असावे, वेळेवर तपासणी व्हावी, आणि धोका दिसताच कोणीतरी टॉवेल टाकून काम थांबवावे, एवढे झाले तरी त्यांचे स्मरण पुरेसे होईल.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. पदक परत करणाऱ्या सरिता देवी, घर विकणारे डिंको सिंग, पीठ फासून उभा राहिलेला ट्रोलमन, कराखाली दबलेला जो लुई आणि टेल्कोत काम करणारे पेटकर ही माझी यादी आहे. तुम्ही तुमची करा. सराव जरूर करा, पण डोक्याला जपा. मार बसल्यावर चक्कर आली तर दुसऱ्या दिवशी रिंगणात किंवा मागावर उभे राहू नका. तुमच्यातला एकजण नेहमी कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा असू द्या, आणि त्याने तो टाकला तर त्याला भित्रा म्हणू नका. संघटना म्हणजे दुसरे काही नसते. ज्याला एकट्याला थांबता येत नाही, त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबवायचे असते. तेवढे तुम्ही शिकलात, तर तुमच्या आयुष्यावर चित्रपट निघाला नाही तरी तुमच्या शरीराचा घसारा तुमच्या एकट्याच्या खाती पडणार नाही.